मिस्त्रीला विचारले तर काय बिघडले?

आमच्या घराची चूल एका जुन्या मारुती ओम्नीवर चालते. २०१९ साली कंपनीने ही गाडी काढणे बंद केले, आमची त्याआधीची. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला प्रवासी नेतो, एका बाजूचे अंतर सुमारे ३० किलोमीटर. मध्यंतरी खड्डा आला की मागून खडखड येऊ लागली. मिस्त्रीने नुसता आवाज ऐकून सांगितले, "चारही शॉकअप गेले." खर्च दोन महिन्यांच्या हप्त्याएवढा!

गाडीतले कळत नाही म्हणून आपली माणसे अशा वेळी मान डोलावतात. आम्ही म्हणालो, "भाऊ, खराब झालेले दाखवा तरी." मिस्त्री कुरकुरले, पण खाली वाकले. शॉकअपमधून तेल गळत नव्हते. गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडला. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली. शॉकअप गेला असता तर ती झोके खात राहिली असती. ओम्नीला मागे पाटे असतात आणि त्यांच्या टोकांना रबरी बुश. टॉमी लावून हलवताच पाटा खडखडला. रबर झिजून लोखंडावर लोखंड आदळत होते. थोडक्या पैशांत बुश बदलले, आवाज गेला.

मिस्त्रीच्या कसबाचा मान आहेच. पण पैसा आपल्या घामाचा आहे. बिघाड कुठे आहे, तो कसा ओळखला, हे विचारावे. काढलेला जुना भाग पाहावा. शॉकअप खरोखरच गेला असेल तर मात्र काटकसर नको, जोडीने बदलावा. गाडीत माणसे बसतात.