उशिरा आलेले खांदे

'इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया' मी होस्टेलवर बघायला लागलो. २००५ पासून चालू असलेली सिरीज. डेनिस, डी, मॅक, चार्ली आणि फ्रँक मिळून पॅडीज पब नावाचा बार चालवतात. चालवतात कसले, दिवसभर एकमेकांची उतरवत बसतात. कोणी कधी सुधारत नाही. आमचा इंजिनिअरिंगचा ग्रुप सेम असाच होता.

एप्रिल २०२१मध्ये बाबा कोविडने गेले. हॉस्पिटलमधून अ‍ॅम्ब्युलन्स थेट स्मशानात. खांदा द्यायची सोयच नव्हती. कोणी येऊ शकणार नाही, हे मला कळत होतं. पण आठ दिवस ग्रुपवर कोणी एक शब्द टाइप केला नाही, ते नाही कळलं. मी ग्रुप म्यूट केला.

त्याच डिसेंबरात पंधराव्या सीझनचा शेवटचा एपिसोड आला. चार्लीला आयर्लंडमध्ये त्याचा खरा बाप सापडतो आणि कोविडने जातो. प्रेत डोंगरावर न्यायचं असतं. गँग अर्ध्या वाटेवर सोडून जाते. भर पावसात चार्ली एकटाच बापाला ओढत राहतो, शेवटी त्याच्यावरच ओरडून रडतो.

मग ती चौघं परत येतात. आणि प्रेत उचलायला हात लावतात.

मी पॉज केलं. ग्रुपवर लिहिलं, 'बाबांबद्दल बोलायचंय.' रात्रीचे दोन वाजले होते. लगेच एकाचा फोन आला.

"बोल," तो म्हणाला.

सॉरी म्हणाला नाही. फोनही ठेवला नाही.