वहीतली रिकामी जागा

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी मामाकडे स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला गेलो होतो. जुन्या डिझेल गाड्यांचे फोटो काढायचे आणि इंजिनांचे क्रमांक वहीत उतरवायचे, हा छंद तिकडे अनेकांना आहे. मामालाही आहे. दोन दिवसांत तो मलाही लागला.

माझी आवडती गाडी म्हणजे 'इंटरसिटी १२५'. ती १९७६ साली सेवेत आली. १२५ हा तिचा ताशी मैलांतला वेग, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने, प्रत्येकी २२५० अश्वशक्तीची. तिचे उतरते नाक केनेथ ग्रेंज यांनी घडवले. १९८७ साली चाचणीत तिने ताशी २३८ किलोमीटर वेग गाठून डिझेल गाड्यांचा जागतिक विक्रम केला. आता या गाड्या मोजक्याच उरल्या आहेत. इन्व्हर्नेसपर्यंत विजेच्या तारा नाहीत, म्हणून त्या मार्गावर त्या मला पाहायला मिळाल्या. पण डबे चार-पाचच.

एका सकाळी मी फलाटाच्या पुढच्या टोकाला, पिवळ्या रेषेच्या आत उभा होतो. गाडी आली. पुढच्या इंजिनाचा फोटो काढला, क्रमांक लिहिला. मग फोटो कसा आला ते बघत बसलो. तेवढ्यात गाडी सुटली आणि मागचे इंजिन समोरून निघून गेले. क्रमांक पाहायचा राहिला!

शेजारच्या आजोबांच्या वहीत तो होता. मी विचारला. त्यांनी वही पुढे केली आणि हसून म्हणाले, "घे. पण हा मी पाहिलाय, तू नाही."

मी ती जागा रिकामी ठेवली. मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही. मागच्या सत्रात क्रॉस-कंट्रीमध्ये मी आमराईतून जवळची वाट धरली होती. सातवा आलो, हाउसला गुण मिळाले. कोणालाच कळले नव्हते.

शाळेत परतल्यावर हाउसमास्टर सरांना सगळे सांगितले. गुण कापले गेले, आमचे हाउस एका क्रमांकाने खाली गेले. काही मित्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तो फोटो मी वहीत चिकटवला आहे. त्याखाली एक क्रमांक आहे आणि शेजारी रिकामी जागा. ते पान मला सर्वांत जास्त आवडते.