लेखी आलं की सांगतो

नोटाबंदीच्या दिवसांत बँकवाले किती राबले, याचं कौतुक पुष्कळ झालं. आमच्या शाखेच्या वाट्याला आलेलं कौतुक स्टाफचं. तालुक्याच्या गावातल्या त्या शाखेचा मी तेव्हा मॅनेजर होतो आणि माझ्या नावावर जमा आहेत ते घोटाळे.

८ नोव्हेंबर २०१६ला रात्री आठला घोषणा झाली, ९ला बँका बंद होत्या आणि १०ला उजाडताच रांग थेट एसटी स्टँडपर्यंत गेलेली. मधल्या दिवशी मी केबिनमध्ये बसून कोणी कुठल्या काउंटरवर बसायचं ते ठरवलं आणि कागद सगळ्यांच्या हातात ठेवला. विचारलं कुणालाच नाही. अशा वेळी चर्चा म्हणजे खोळंबा, असं मला मनापासून वाटत होतं. जुन्या नोटा बदलून द्यायच्या काउंटरवर, म्हणजे सगळ्यात जास्त रेटारेटीच्या जागी, नुकतीच रुजू झालेली मुलगी बसवली.

नियम सारखे बदलत होते. बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, १८ तारखेपासून दोन. परिपत्रकं माझ्या मेलवर यायची आणि तिथंच राहायची. उगाच स्टाफचा गोंधळ नको, असं मी म्हणायचो. खरं तर मलाच ती धड उमगत नव्हती आणि ते खाली कळू द्यायचं नव्हतं.

“टीव्हीवर सांगतायत ते खरं का, साहेब?”

“लेखी आलं की सांगतो.”

लेखी आलेलं असायचं. १८ला सकाळी मी करन्सी चेस्टशी फोनवर हुज्जत घालत बसलो आणि बाहेर साडेचार हजारांचे फॉर्म घेणं चालूच. रांगेतल्या एका आजोबांनी घडी घातलेला पेपर काचेखालून आत सरकवला. हेड कॅशियर मॅडम तो घेऊन केबिनमध्ये आल्या. “साहेब, निदान आम्हाला एक पेपर तरी लावून द्या.”

त्यानंतर शटर उघडण्याआधी सगळे एकत्र उभे राहायला लागलो. आलेलं वाचायचं, कळलं नाही तर तसं सांगायचं. शिपाई म्हणाला, हातात जेवढी कॅश तेवढीच टोकनं वाटा, बाकीच्यांना सकाळीच घरी जाऊ द्या. हे त्यानं पहिल्या आठवड्यातच सुचवलं होतं; टोकन दिलं की पैसे द्यायची जबाबदारी अंगावर येते, म्हणून मी उडवून लावलं होतं. टोकनं आली म्हणून शिव्या थांबल्या नाहीत, पण भर दुपारी ‘कॅश संपली’ म्हटल्यावर काचेवर हात आपटले जायचे, ते थांबलं.

त्या मुलीची कॅश मात्र आधीच एका संध्याकाळी शॉर्ट आली होती. शॉर्ट आलेली रक्कम कॅशियरनं भरायची, हा नियम. तिनं पगारातून भरली. तिला तिथं बसवलं होतं मी, आणि जेवायला तरी सोडायला कुणी नेमलं नव्हतं तेही मीच. मॅडमनी पुढे त्या काउंटरवर पाळीपाळीनं माणसं बसवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वर्गणी काढून मुलीचे पैसे भरून देऊ, असंही त्यांनी सुचवलं. मी म्हणालो, नको, पायंडा पडेल. पडला असता तर काय बिघडलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.