‘गाव’ आणि एक तारांकित शब्द

तिगावात घरी मराठी आणि शाळेत हिंदी, ही जुनीच रीत. परवा आमच्या नातीने पाटी पुढे केली. “आबा, ‘गाँव’वर चंद्रबिंदू आहे, तुमच्या ‘गाव’वर नाही. तुमचं चुकलं ना?”

चुकलेले नव्हते. संस्कृत ‘ग्राम’चे प्राकृतात ‘गाम’ झाले. पुढे ‘म’चा ‘व’ झाला आणि नाकातला सूर तेवढा मागे राहिला. ‘नाम’चे ‘नाव’ झाले ते याच वाटेने. हिंदीने त्या सुराची खूण जपली. मराठीतही पूर्वी ‘गांव’ असेच लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारला जाणारा अनुस्वार गळाला. शब्द एकच, वळणे दोन.

या शब्दाचे गोत मात्र फार दूरवर पसरले आहे. स्लाव भाषांच्या पूर्वरूपात ‘ग्रोमादा’ असा शब्द भाषाशास्त्रज्ञ मानतात आणि त्याच्या डोक्यावर तारा काढतात. तारा म्हणजे हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, वंशज शब्दांवरून जुळवलेले आहे. मूळ अर्थ ढीग, त्यावरून जमाव, त्यावरून गावकी. पोलंडमध्ये १९५४पासून सुमारे दोन दशके ‘ग्रोमादा’ हा ग्रामीण कारभाराचा सर्वांत लहान घटक होता. युक्रेनमध्ये आजही ‘ह्रोमादा’ म्हणजे स्थानिक स्वराज्याचा घटक.

आपला ‘ग्राम’ही आधी घरांचा नव्हे, माणसांचा होता. ऋग्वेदात विश्वामित्र नद्यांना वाट मागतो, तेव्हा गायींसाठी नदी ओलांडणारा भरतांचा जथा ‘ग्राम’ म्हटला आहे. असे दोन जथे समोरासमोर आले की ‘संग्राम’. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ आम्हांस कोशात शोधावा लागत नाही.

तेव्हा गाव म्हणजे शिवार नव्हे, एकत्र आलेली माणसे. १९५६च्या पुनर्रचनेत आमचे शिवार मध्य प्रदेशात राहिले. २०२३मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. माणसे बोलत राहिली ती मराठीच. पण मागील जनगणनेत प्रगणकाने न विचारताच आमच्या घराची मातृभाषा ‘हिंदी’ लिहिली, आणि आम्हीही गप्प राहिलो. ती चूक आमची.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांस एवढीच विनंती की, पुढच्या वेळी तो रकाना स्वतः वाचून पाहावा. जे बोलले जाते पण लिहिले जात नाही, त्याच्या डोक्यावर उद्या तारा येतो. नातीच्या पाटीवर आता दोन्ही शब्द आहेत, शेजारी शेजारी.