पगार आणि पुंजी एकाच फांदीवर

देवगाव रंगारीत भाव म्हटला की आम्हाला कांदा, मका आणि कापूस आठवतो. अलीकडे जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभी असलेली तरुण मुलं सेन्सेक्सही विचारतात. काही पुण्यातली आयटीची नोकरी गेल्याने घरी परतलेली, काही इंजिनिअर होऊन पहिल्या नोकरीची वाट पाहणारी. संभाजीनगरची ताकद वाळूजच्या कारखान्यांत आहे. संगणकाच्या कामासाठी आमच्या मुलांना पुणे-हैदराबाद गाठावं लागतं. तिथलंही दार आता अरुंद झालं आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं.

बाजाराचं तेच. सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५ हजारांवर होता, तेव्हा ज्याला त्याला आपली अक्कल वाढल्यासारखी वाटत होती. मार्च २०२५ च्या सुरुवातीला तो ७३ हजारांजवळ आला आणि चेहरे उतरले.

आमच्यासारख्या घरांची अडचण थोडी वेगळी. व्याज नको म्हणून आम्ही मुदत ठेव टाळतो आणि शरियाच्या निकषांत बसणारे शेअर किंवा फंड घेतो. या निकषांत व्याजावर चालणाऱ्या बँका, दारू आणि जुगाराचे धंदे गळतात, मोठं कर्ज असलेल्या कंपन्याही गळतात. जे उरतं त्यात कर्ज नसलेल्या आयटी कंपन्यांचा वाटा मोठा असतो. म्हणजे मुलाचा पगार आयटीतून आणि अब्बांनी हजसाठी, मुलीच्या निकाहसाठी साठवलेली पुंजीही आयटीतच. अमेरिकेतल्या ग्राहकाने हात आखडला की दोन्ही एकदम डळमळतात. पैसा हलाल ठिकाणी आहे म्हणून तो सुरक्षितही आहे, असं नाही.

याहून मोठी भीती मोबाइलमध्ये आहे. रिकामा बसलेला मुलगा म्हणतो, "ऑप्शनमधून महिन्याचा पगार काढतो." सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसा गमावला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. बहुतेक उलमा हा व्यवहार नाजायज ठरवतात. आकडे पाहिले की कारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही घरात ठरवलं आहे : सहा महिन्यांचा खर्च बाजारापासून लांब ठेवायचा. आयटीचा पगार येत असेल तर बचत थोडी सोन्यात, थोडी शेतीत वळवायची. नोकरी गेलेल्या मुलाच्या हाती घराची पुंजी सोपवायची नाही, पण दस्तरख्वानवर त्याला टोमणेही मारायचे नाहीत. शेंद्रा-बिडकीनच्या कारखान्यात किंवा गावातल्या दुकानात काम मिळालं तर त्यात कमीपणा कसला? रिज्क देणारा अल्लाह आहे. हलाल कमाईचं कुठलंही दार त्याच्याच मेहरबानीने उघडतं.