निखारे आणि उतरण

गोव्यातल्या शिरगावच्या देवी लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. शेजारच्या मुळगावची केळबाय ही लईराईची बहीण, मयेची महामाया हीसुद्धा बहीण. त्यामुळे डिचोली तालुक्याच्या या पट्ट्यात ही जत्रा एका गावाची राहत नाही. व्रत धरणाऱ्या भक्तांच्या, म्हणजे धोंडांच्या, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार, हातात रंगीत गोंड्यांचे वेत. आधीचे काही दिवस उपास आणि सोवळे, मग तळीवर आंघोळ आणि होमकुंड. लाकडांची उंच रास जळून खाली बसली की उत्तररात्री धोंड निखाऱ्यांतून चालत जातात.

2025 साली, 2 आणि 3 मेच्या मधल्या रात्री, याच जत्रेत चेंगराचेंगरी झाली. त्या पहाटे सहा जणांचे मृत्यू झाले, सत्तरहून अधिक जखमी झाले. यात होमकुंडाचा काही दोष नव्हता. वाटेत उतरण होती, दोन्ही अंगांना दुकाने होती. काही जण पडले आणि मागून येणारे त्यांच्यावर कोसळले. सरकारने नेमलेल्या समितीने हे सगळ्यांचे मिळून झालेले अपयश ठरवले.

खाणीतल्या सुरक्षेचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला या घटनेत आगीने जीव घेतला नाही हीच बाब सर्वांत बोलकी वाटते. आग सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्याभोवती नियम आहेत. निखाऱ्यांवर कोणीही उठून जात नाही. व्रत पाळलेलाच जातो आणि रेंगाळत नाही. श्रद्धेचा भाग श्रद्धाळूंचा, पण व्यवस्था म्हणूनही ती चोख आहे. 1935 साली इंग्लंडमध्ये खुदाबक्ष नावाच्या काश्मिरी माणसाला शास्त्रज्ञांसमोर निखाऱ्यांवरून चालवले गेले. त्याचे तळवे भाजले नाहीत. लाकडी कोळसा उष्णता सावकाश सोडतो आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकते, असा त्याचा उलगडा झाला. थांबणारा किंवा पडणारा मात्र भाजतोच. होमकुंडाभोवती लोक आपसूक अंतर ठेवतात, कारण धग तोंडाला लागते. उतरणीला धग नसते. वर्षभर त्याच वाटेवरून दूधवाला जातो, पोरे सायकली सोडतात. तिला कोण घाबरणार?

गर्दीचे गणित मात्र फार जुने नाही. अमेरिकी अभियंता जॉन फ्रुइन यांनी दाखवून दिले की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात, माणसे चपलांतून उचलली जातात, आणि एकट्याने कितीही जोर लावला तरी उलटे फिरता येत नाही. बहुतेक मृत्यू तुडवल्यामुळे होत नाहीत. छाती चारी बाजूंनी आवळली जाते, श्वास घ्यायला फासळ्यांना जागाच उरत नाही, आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. पुढे काय झाले हे मागच्यांना कळत नाही. त्यांना वाट मोकळी दिसते आणि ते ढकलत राहतात. म्हणूनच ‘लोक घाबरून सैरावैरा पळाले’ हे बातमीतले वाक्य मला नेहमी खटकते. त्यात दोष मेलेल्यांच्या माथी जातो.

सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 रोजी हेच झाले. काळूबाईच्या यात्रेत 291 जण दगावले. अरुंद चढण, दुतर्फा दुकाने आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरडा झालेला दगड. पुढे निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. शिरगाव आणि मांढरदेवी यांच्यामध्ये वीस वर्षे आहेत, आणि दोन्हीकडे उताराची वाट आणि दुकानांची रांग तीच.

आता थोडा हिशेब. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी जे मापदंड वापरतात त्यांत सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे 82 माणसे जातील असे धरतात, पायऱ्यांवर 66. समजा वाट तीन मीटरची आहे. मिनिटाला अडीचशेच्या आसपास माणसे जातील आणि तीस हजारांना दोन तास लागतील. एका बाजूला खाज्याचे दुकान मीटरभर पुढे सरकले, समोर खेळण्यांचे तेवढेच, की वाट उरली एक मीटर. तीस हजारांना सहा तास! तेवढा धीर कोणापाशीच नसतो. फेरीची दुकाने वाटेवरून उठवून मैदानात नेणे, जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी ठेवणे, उतरणीच्या डोक्यावरच माणसे मोजून सोडणे: यांत पोलिसांची संख्या नव्हे, मोजपट्टी कामाला येते. ती जत्रेच्या महिनाभर आधी लावायची असते.

विल्यम हॅडन हे अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा संस्थेचे पहिले प्रमुख, पेशाने डॉक्टर. 1970 साली त्यांनी सुटलेल्या वाघांचा दाखला शीर्षकात घेऊन एक छोटा लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे: इजा म्हणजे अंगाला न झेपणारी ऊर्जा. ती अडवायचे दहा मार्ग त्यांनी सांगितले. वाघ पाळूच नये इथपासून सुरुवात. मग तो पिंजऱ्यात ठेवा, माणसापासून लांब ठेवा, आणि शेवटी जखमीवर लवकर उपचार करा. ‘सावध राहा’ असे वाघाच्या गावातल्या माणसाला बजावणे हा त्यांच्या लेखी मुख्य उपाय नव्हता. आपल्याकडे मात्र फलकापासून सुरुवात होते आणि बहुधा फलकावरच काम संपते.

खाणपट्ट्यातल्या मुळगावात असे फलक भरपूर मिळतील. डिसेंबर 2022च्या लिलावात डिचोलीचा पहिला खनिज गट वेदांता कंपनीकडे गेला, आणि घरे, देवळे, शेते खाणपट्ट्यातून वगळा अशी मुळगावकरांची मागणी सुरू झाली. बाहेरच्याला हा जमिनीचा वाद वाटतो. मला तो सुरक्षेचाही वाटतो, कारण खाणकायद्यातली सुरक्षा मुख्यत्वे कामगाराभोवती फिरते. आत शिरणाऱ्याला शिरस्त्राण आणि बूट सक्तीचे. खड्ड्याच्या वरच्या काठाला कुंपण हवे असाही नियम आहे. पण विहिरीचे पाणी खाली जाणे किंवा पावसाळ्यात लाल गाळ भातशेतीत उतरणे याला शिरस्त्राण काय करणार? शेजारच्या शिरगावात खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले आणि विहिरी आटल्या. तो प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला.

आणि जांभ्याच्या चिरेखाणी. डिचोली-पेडण्याच्या सड्यांवर त्या ठिकठिकाणी आहेत. चिरे संपले की माणसे निघून जातात, खड्डा राहतो, पहिल्या पावसात भरतो. नदीला काठ असतो, तळीला पायऱ्या असतात. चिरेखाणीला भिंत असते. यंत्राने कापलेली, सरळ उभी, ओळंब्यात. काठापाशी जेवढे खोल तेवढेच मधोमध. जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि हाताची पकड सुटते. पोहता येणारा मुलगाही तिथे बाहेर पडायला जागा शोधता शोधता दमतो. अशा बुडण्याच्या बातम्या गोव्यात नव्या नाहीत, आणि दर वेळी पालकांना मुलांवर लक्ष ठेवायला सांगितले जाते.

पोरांनी पाण्याकडे जाऊ नये ही अपेक्षा मे महिन्यात फोल आहे. कुंपण हवेच, पण कुंपणाच्या तारा चोरीला जातात हेही खरे. काठाला बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब स्वस्तात होते, टिकत मात्र नाही. त्यापेक्षा शेवटचा चिरा निघाल्यावर, यंत्र अजून खड्ड्यातच असताना, एका बाजूची भिंत तिरपी कापून घ्यावी. गुरांनाही चढून येता येईल अशी. एक-दोन दिवसांचे काम, डिझेलचा खर्च खाणवाल्याचा. परवाना देतानाच अनामत रक्कम घ्यावी, आणि तलाठ्याने त्या उतरणीवरून स्वतः चालत वर आल्याशिवाय ती परत करू नये.