तापमानाची चाल

प्रोसेसर तापतो अशी फिर्याद घेऊन येणारा मनुष्य बहुधा एकच आकडा सोबत आणतो. तो आकडा नव्वदीच्या पुढचा असतो, आणि पाण्यावर चालणाऱ्या कूलरसाठी भरभक्कम रक्कम मोजूनही तो खाली का येत नाही, या प्रश्नाने मनुष्य स्वतःच निम्माअधिक तापलेला असतो. दुरुस्तीच्या ज्या व्यवसायात माझ्या उमेदीचा काळ गेला, त्याने मला त्या एकट्या आकड्यावर विश्वास न ठेवण्याची सवय लावली आहे. यंत्र स्वस्थ असताना तापमान किती होते, भार पडताच पहिल्या सेकंदात ते कोठे पोहोचले आणि अर्ध्या तासाने कोठे स्थिरावले, किंवा स्थिरावलेच नाही, हे कळल्याखेरीज मी पेचकस हाती घेत नाही.

याचे कारण उष्णतेच्या प्रवासात आहे. नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये जन्मलेली उष्णता प्रोसेसरच्या धातूच्या झाकणात येते, तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून कूलरच्या तांब्याच्या पट्टीत, पट्टीच्या केसाएवढ्या बारीक चरांतून वाहणाऱ्या पाण्यात, नळ्यांवाटे रेडिएटरमध्ये, आणि अखेरीस पंख्यांच्या वाऱ्याबरोबर खोलीच्या हवेत विलीन होते. या मार्गावरील सिलिकॉन आणि झाकण ही अल्पसंतुष्ट मंडळी असून ती क्षणार्धात तापतात. पाणी मात्र थोडके असले तरी तापायला कित्येक मिनिटे घेते. म्हणून भार पडताच तापमान डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शंभरीला टेकले आणि नळ्या मात्र थंडगार राहिल्या, तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे, आणि दोष झाकण व पट्टी यांच्या भेटीत शोधावा. उलट वीस-पंचवीस मिनिटे ते संथपणे चढत गेले आणि दोन्ही नळ्या सारख्याच ऊन लागल्या, तर पाणी आपले काम करीत आहे, पण रेडिएटर ती उष्णता बाहेर टाकीत नाही.

नळ्यांना हात लावून पाहण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिचा अर्थ मात्र पुष्कळदा उलटा लावला जातो. एक नळी गरम आणि दुसरी गार लागली म्हणजे कूलर उत्तम चालला, असे मी जाणत्या कारागिरांच्याही तोंडून ऐकले आहे. वस्तुतः मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि प्रोसेसर २०० वॅट उष्णता टाकीत असेल, तर जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्यात जेमतेम तीन अंशांचा फरक पडतो, आणि तो तळहाताला कळत नाही. फरक स्पष्ट कळू लागला की प्रवाह मंदावला आहे, पंप मरणपंथाला लागला आहे किंवा चर गाळाने बुजत आहेत, असे मी धरून चालतो.

लग्नाच्या चित्रफितींचे संपादन करणारा एक तरुण असाच आला होता. “काका, पंपच गेलाय बहुतेक,” असे निदान त्याने उंबरठ्यावरच जाहीर केले. यंत्र सुरू करून पाहिले, तर पंपाची थरथर बोटाला लागत होती, नळ्या गार होत्या आणि तापमानाने पहिल्याच सेकंदात उडी घेतली. जुन्या संगणकावरचा कूलर त्याने नव्या मदरबोर्डावर त्याच्याच जुन्या खिळ्यांनिशी चढवला होता. इंटेलच्या एलजीए १२०० बैठकीत दोन भोकांतले अंतर ७५ मिलिमीटर, तर २०२१ साली आलेल्या एलजीए १७०० मध्ये ते ७८. शिवाय नव्या बैठकीत प्रोसेसर किंचित खाली बसतो. काही मदरबोर्डांना दोन्ही मापांची भोके असतात, त्यामुळे जुने सामान बसते खरे, पण पट्टी हवा तसा दाब देत नाही. कूलर उतरवला आणि पेस्टच्या ठशाने सगळा पंचनामा समोर ठेवला: जाड, न पसरलेला, जसा लावला तसाच. तांबे उष्णता वाहते त्याच्या हजारो पटींनी कमी हवा वाहते. पेस्टचे काम केवळ धातूंमधील सूक्ष्म खळग्यांतून त्या हवेला हुसकणे एवढेच, आणि ते दाबाशिवाय होत नाही. (पट्टीवरची पारदर्शक संरक्षक फीत न काढताच कूलर बसवणारेही भेटतात, त्यांच्याविषयी अधिक न लिहिणे बरे.)

हवेचा दुसरा उपद्रव नळ्यांच्या आत असतो. रबराच्या नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी बाष्परूपाने निसटते, त्याची जागा हवा घेते, आणि ती हवा स्वभावतः सर्वांत उंच ठिकाणी जाऊन बसते. ते ठिकाण रेडिएटरचा माथा असेल तर काहीच बिघडत नाही. परंतु रेडिएटर कॅबिनेटच्या तळाशी बसवून पंपालाच शिखर केले असेल, तर सुरू होताना खळखळाट ऐकू येतो आणि पुढे पंप कोरडा फिरून झिजतो. बायोसमध्ये पंपाला पंखा समजून त्याची गती कमी ठेवण्याचा शिरस्ताही असाच घातक आहे. पंपाला पूर्ण गती द्यावी. बाकी धूळ. ती पंखा आणि रेडिएटर यांच्या मधोमध नमद्यासारखी साचते, बाहेरून दिसत नाही, आणि मे महिन्यात, खोलीच ३८ अंशांवर असताना, नेमकी आपली हजेरी लावते.

योग्य खिळे आणि ताजी पेस्ट यांनिशी त्या तरुणाचे यंत्र ताळ्यावर आले; तरी पूर्ण भाराखाली ते नव्वदीच्या आसपास गेलेच, आणि तो खट्टू झाला. येथे दोष कोणाचाच नव्हता. त्याच्याकडील आय-नाइन १२९००के प्रोसेसरची मूळ मर्यादा १२५ वॅटची, कमाल २४१ची. पण पुष्कळ मदरबोर्ड तीही मर्यादा उठवून प्रोसेसरला मोकाट सोडतात. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर तर ९५ अंशांपर्यंत चढण्यासाठीच रचलेले आहेत. बायोसमध्ये मर्यादा लावली तर तापमान चांगलेच उतरेल, चित्रफीत पूर्ण व्हायला थोडा अधिक वेळ लागेल, आणि माझा कल तिकडेच आहे, असे मी त्याला सांगितले. त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले, मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाला, “लग्नसराई उलटेपर्यंत राहू दे, काका. मग बघू.”